पोटाशी शिवलेला हात

मनकर्णाच्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायका तिच्या तोंडाला दबकून असत. कुणी दमट ज्वारी आणली तर ती डब्यात हात घालायची, दाणे ओट्यावर पसरायची आणि चारचौघींत सांगायची, "ही घरी ने, उनात घाल, मग ये. माझा दगड चोंदवायचा न्हाई." तरी बायका तिच्याकडंच यायच्या, कारण तिच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरत नसे.

कर्जतहून राशीनकडं जाताना रस्त्यापासून थोडी आत ही वाडी. गिरणी मनकर्णाच्या सासऱ्यानं घातलेली. नवरा भागवत शेतात आणि म्हशींत रमणारा. पिठाच्या धुरळ्यानं त्याला शिंका यायच्या. सासरा थकला तेव्हा मनकर्णानं पदर खोचून गिरणी ताब्यात घेतली. तेव्हा ती पंचविशीत होती, आता पंचेचाळिशी ओलांडली होती. मधल्या काळात तिनं मोटार बदलली, दगड बदलले, आणि दगड गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावायचं कामही ती शिकली. मुलगा कानिफनाथ सुप्याला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, सून ज्ञानेश्वरी घरात आली. कानिफनाथ सुट्टीला तेवढा घरी यायचा. सुनेला गिरणीत शिरू द्यायचं नाही असं मनकर्णानं मनाशी ठरवलं होतं. "तू घर बघ," ती म्हणायची, "हितलं माझं मी बघते."

अपघात झाला तो लग्नसराईत. दोन घरांची हळद एकाच आठवड्यात, गव्हाची पोती दारापर्यंत लागलेली, आणि मोटारीचा पट्टा सारखा घसरत होता. पट्टा घसरला की चालत्या पट्ट्यावर आतल्या बाजूनं राळेचा खडा धरायचा, म्हणजे तो पकड घेतो. हे तिनं हजारदा केलं होतं. मोटार बंद करून पट्टा ताणून बसवणं हे खरं काम, पण त्याला वेळ लागतो आणि बाहेर बायका खोळंबलेल्या. त्या दिवशी खडा संपत आलेला, नखाएवढा उरलेला. पट्ट्यानं खडा ओढला, खड्याबरोबर उजवा हात ओढला आणि पट्टा आणि चाक यांच्यामध्ये नेऊन घासला.

ज्ञानेश्वरी चहा घेऊन दारात आली होती. तिनं कप टाकला आणि खटका पाडला. मोटार थांबली तेव्हा हात सुटला. हाडं जागेवर होती, बोटं पाचही होती. पण मनगटापासून पेरांपर्यंत हाताच्या पाठीवरची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी सरकून बोटांकडं गोळा झाली होती, आणि खाली पांढऱ्या दोऱ्या दिसत होत्या. मनकर्णानं एकदा बघितलं आणि पदर गुंडाळला. ती रडली नाही. "गव्हाचं पोतं झाकून ठेव," म्हणाली आणि मग ओट्यावर बसली.

कर्जतला पट्टी बांधून नगरला पाठवलं. नगरच्या एका दवाखान्यात जखम धुतली, तीच सरकलेली कातडी ओढून परत जागेवर शिवली. हाड मोडलेलं नाही, नशीब म्हणायचं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मग हेच वाक्य जो भेटेल तो म्हणायला लागला. भागवत म्हणाला, शेजारची चांगुणा म्हणाली, एसटीतला अनोळखी माणूसही म्हणाला. मनकर्णाला त्या नशिबाचा इतका वीट आला की पुढं कुणी तोंड उघडलं की ती आधीच म्हणायची, "व्हय, लई नशीबवान हाय मी. दुसरं काय बोलायचं का?"

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत शिवलेली कातडी जांभळी दिसायला लागली, मग काळी. भागवत म्हणाला, "खपली धरतीय." नणंद छबूबाई मिरजगावला दिलेली, ती धावत आली. तिनं बांधावरचा दगडी पाला आणला, हातावर चोळून रस काढला आणि टाक्यांवर पिळला. "आपल्या बापाची विळ्यानं कापलेली पोटरी ह्यानंच भरली हुती," ती म्हणाली. मनकर्णाला पाल्यावर विश्वास होता असं नाही, पण कुणीतरी काहीतरी करतंय एवढं बरं वाटलं. दोनतीन दिवसांनी खोलीत वास यायला लागला. ज्ञानेश्वरीनं जेवणाचं ताट पुढं ठेवलं आणि तोंड फिरवलं. मनकर्णानं ते पाहिलं.

"घान वाटतीय व्हय माझी?"

"घाण वाटत नाही, आत्या. भीती वाटतीय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ही खपली नाही. हे कुजतंय. मी ह्यांना फोन केलाय."

सासूला न विचारता फोन केला म्हणून मनकर्णा तिच्यावर चिडली. पण कानिफनाथच्या कंपनीत एकाचा हात मशीनमध्ये सापडला होता, त्याच्यावर नगरला ज्यांनी इलाज केला त्यांचं नाव त्यानं विचारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे तिकडं गेले.

हे प्लास्टिक सर्जन होते. नाव राधाकृष्ण. आडनाव पाटीवर होतं, पण पेशंट सगळे राधाकृष्ण डॉक्टरच म्हणायचे. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी पट्टी सोडली, पाल्याचा हिरवट रस पुसला, काळ्या कातडीला टाचणी टोचली. मनकर्णाला काही कळलं नाही, रक्तही आलं नाही.

"ही कातडी गेली," ते म्हणाले. "काढावी लागेल."

"मग दुसरी लावा. मांडीची काढून लावत्यात म्हनं."

"मांडीची पातळ कातडी लावता येते, पण तिला खालून रक्त मिळायला हवं. तुमच्या इथं खाली बोटं सरळ करणाऱ्या शिरा उघड्या पडल्यात. त्यांच्यावरचा पापुद्राही सोलला गेलाय. नुसत्या शिरेवर पातळ कातडी धरत नाही. धरली तरी चिकटून बसते, मग बोट हलत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मनकर्णाला दोनदा ऐकावं लागलं. जांघेच्या वरची, पोटाखालची कातडी चरबीसकट उचलायची. ती पूर्ण तोडायची नाही, एका टोकाला पोटालाच जोडलेली ठेवायची. मोकळं टोक हाताच्या पाठीवर शिवायचं. तीनेक आठवडे हात तिथंच, पोटाशी. तेवढ्या वेळात हाताकडून त्या कातडीत रक्त जायला लागतं. मग पोटाकडचं टोक कापायचं आणि हात मोकळा.

"म्हंजी माझा हात माज्याच पोटाला बांधून ठेवनार?"

"बांधून नाही, शिवून."

मनकर्णानं भागवतकडं बघितलं. भागवत भिंतीवरच्या हाताच्या चित्राकडं बघत होता. "तुमी कायतरी बोला की," ती म्हणाली. भागवत म्हणाला, "डॉक्टर सांगत्यात तसं करू." तिला वाटलं होतं तो निदान विचारेल की दुसरा मार्ग नाही का.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू? मिश्री?"

मिश्री लावते, ज्ञानेश्वरीनं सांगितलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मनकर्णानं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. नवी कातडी त्यांच्यावरच जगणार आहे."

ऑपरेशन झालं. मनकर्णा शुद्धीवर आली तेव्हा तिचा उजवा हात पोटाखाली कमरेच्या खोबणीत होता, चिकटपट्ट्यांनी जखडलेला, आणि खांदा असा ओढल्यासारखा दुखत होता की हाताचं दुखणं त्यापुढं काही नाही. नर्सनं सांगितलं की हात ओढायचा नाही, झोपेतसुद्धा नाही.

त्या दिवसांतलं तिला पुढं कुणी विचारलं तर ती सांगायची नाही. जन्मात जिनं गाऊन घातला नव्हता तिला समोरून नाड्या बांधायचा सैल गाऊन घातला. साडी नेसवणं शक्यच नव्हतं. डावा हात मोकळा होता, पण डाव्या हातानं जेवायचं म्हणजे तिच्या घशाखाली घास उतरेना. मग ज्ञानेश्वरी भरवायची. भाकरीचा तुकडा आमटीत जास्त भिजला तर मनकर्णा तोंड मिटायची, कमी भिजला तर म्हणायची, "दात पाडायचेत का माझे?" केस विंचरायला सून, पाठ पुसायला सून, भांडं धरायला सून. लग्न होऊन वर्ष झालेली पोर, जिला गिरणीच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तिच्यापुढं रोज उघडं व्हावं लागत होतं. मनकर्णा त्या वेळी भिंतीकडं बघायची. ज्ञानेश्वरीही काही बोलायची नाही. ती गावाकडच्या गोष्टी सांगत बसली असती तर मनकर्णाला जास्त राग आला असता, हे तिला कळत असावं.

भागवत एक दिवसाआड यायचा. खुर्चीवर बसायचा, मोबाईल बघायचा. "म्हस व्याली. रेडी हाय," एकदा म्हणाला. मनकर्णा म्हणाली, "गिरनी?" "बंदच हाय की. बाया शेजारच्या गावात जात्यात." वीस-एकवीस वर्षं तिनं चालवलेली गिरणी, आणि तो म्हशीची बातमी आधी सांगत होता.

गावाकडून माणसं भेटायला यायची, त्यांना तो हात बघायचा असायचा. चांगुणा तर चादर उचलायलाच निघाली. "बघू तरी कसं चिकटवलंय," म्हणाली. मनकर्णानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "चांगुणे, जत्रंत आल्यासारखी आलीस व्हय? जा घरी." चांगुणा रुसून गेली. ज्ञानेश्वरीनं तिला दारापर्यंत सोडलं, परत आली आणि पहिल्यांदाच हसली. मनकर्णा हसली नाही.

सगळ्यात वाईट मिश्रीची तलफ. पहाटे जाग आली की हिरड्या खाज सुटल्यासारख्या व्हायच्या, डोकं दुखायचं, आणि समोर दिवसभर पंखा बघत पडायचं. तिनं सुनेला सांगितलं, "थोडी आन. बोटभर."

"नाही आणणार."

"सासू कोन हाय, मी का तू?"

"सासू तुम्हीच आहात. पण मिश्री नाही आणणार. मला परत तो कुजल्याचा वास घेत बसायचं नाही."

या वाक्यावर मनकर्णा दुपारभर तिच्याशी बोलली नाही, घासही घेतला नाही. संध्याकाळी छबूबाई आली. ज्ञानेश्वरी खाली औषधं आणायला गेली तसं मनकर्णानं नणंदेकडं हळूच मिश्री मागितली, आणि छबूबाईनं कमरेची डबी काढून उशीखाली ठेवली. "येवढ्यानं काय हुतंय, वैनी. जीव शांत राह्यला पायजे," ती म्हणाली. पुढचे काही दिवस सून अंघोळीला गेली की मनकर्णा डाव्या बोटानं मिश्री लावायची आणि पाण्यानं तोंड धुऊन टाकायची. डोकं थांबलं. तिला वाटलं, डॉक्टर लोक उगाच बंधनं घालतात.

मग एका सकाळी पट्टी बदलताना राधाकृष्ण डॉक्टर जास्त वेळ वाकून राहिले. करंगळीकडच्या कडेला नव्या कातडीची एक चिंधी काळसर पडली होती.

"मिश्री लावलीत?"

ज्ञानेश्वरी म्हणाली, "नाही हो डॉक्टर, मी इथंच असते."

"लावली," मनकर्णा म्हणाली. "काय करू मग? हात शिवून ठेवलाय, तोंडात दुसऱ्याचा घास, दिवस जाता जात न्हाई. माजं म्हनून काय ठेवलंय तुमी?"

डॉक्टरांनी कडेला टाचणी टोचली, थोडं आत टोचली, तिथं रक्त आलं. "एवढी पट्टी जाईल," ते म्हणाले. "बाकी जगेल. पण आता सोडवायची तारीख पुढं गेली. आणि जी जाईल तिथं मांडीची कातडी लावावी लागेल." ते पुढच्या पेशंटकडं गेले. ज्ञानेश्वरीनं उशीखाली चाचपून डबी काढली आणि कचऱ्यात टाकली. ती काही बोलली असती तर मनकर्णाला भांडता आलं असतं. पण ती खुर्ची खिडकीकडं फिरवून बसली आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय हे मनकर्णाला उशिरा कळलं.

"ज्ञाने," बऱ्याच वेळानं मनकर्णा म्हणाली. "जेवायचं बघ की कायतरी."

त्यानंतर तिनं मिश्री मागितली नाही. तलफ गेली असं नाही.

हात सुटला त्या दिवसाची तिनं वाट पाहिली होती, आणि तोच दिवस सगळ्यात जास्त फसवा निघाला. तिला वाटलं होतं, कापून मोकळा केला की हात पहिल्यासारखा. पण खांदा वर उचलेना, कोपर सरळ होईना, बोटं लाकडासारखी ताठ. आणि करंगळीकडं मांडीची लावलेली पट्टी, बाकी हाताच्या पाठीवर पोटाची ती कातडी, टम्म फुगलेल्या पुरीसारखी, मऊ, गोरी, तिच्या हातावर दुसऱ्याच कुणाचं तरी मांस ठेवल्यासारखी. बोट लावलं तर डाव्या बोटाला कळायचं, उजव्या हाताला नाही.

"ही अशीच राहनार?"

"सहा महिन्यांनी चरबी कमी करू," डॉक्टर म्हणाले. "तोवर वजन वाढवू नका. ही पोटाचीच कातडी आहे. पोट सुटलं की हातही सुटेल."

ज्ञानेश्वरीनं तोंडाला पदर लावला. यावेळी मनकर्णालाही हसू यायला हवं होतं, पण ती त्या हाताकडं बघत राहिली. या हातानं ती पोतं उचलायची.

व्यायामासाठी भिंगारला जायचं होतं. तिथं रेश्मा नावाची फिजिओथेरपिस्ट होती, तिशीची, बारीक, आणि बोलण्यात मनकर्णाच्या तोडीची. तिची खोली बाजाराच्या मागं. आधी कोमट मेणात हात बुडवायचा, मग ती एकेक बोट धरून वाकवायची. मनकर्णाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे.

"मूठ करा."

"व्हत न्हाई."

"किती होते तेवढी करा."

"ही येवढी."

"मागच्या वेळी एवढीच होती. घरी किती वेळा केलीत?"

घरी मनकर्णानं केलीच नव्हती. वाडीहून कर्जत, कर्जतहून नगर, नगरहून भिंगार. एवढं करून एक बोट दाण्याएवढं वाकायचं आणि दुसऱ्या दिवशी परत ताठ. एसटीत शेजारच्या बाया हाताकडं बघायच्या म्हणून ती हात पदराखाली घ्यायची. महिनाभरानं तिनं सांगून टाकलं की आता जाणार नाही. "बास झालं. जेवढा हाय तेवढा हाय." भागवत लगेच हो म्हणाला. ज्ञानेश्वरी म्हणाली, "मी एकटीनं तुम्हाला ओढून कशी नेऊ? तुमची मर्जी."

आणि मर्जीप्रमाणं ती चुलीपुढं बसली. एवढे दिवस सुनेच्या हातची भाकरी खाल्ली, आता आपण करू. पीठ मळलं डाव्या हातानं, उजव्यानं नुसतं दाबलं. भाकरी वेडीवाकडी थापली, तव्यावर टाकली. ती उलटताना वास आला. तिला वाटलं, भाकरी करपली. ज्ञानेश्वरी बाहेरून ओरडत आली, "आत्या, हात!" उजव्या हाताची पाठ तव्याच्या कडेला टेकलेली होती. मनकर्णाला काहीच कळलं नव्हतं. पोटाची कातडी भाजत होती आणि तिला वाटत होतं भाकरी भाजतेय.

फोड आले, मग जखम. परत पट्टी. त्या दिवशी मात्र मनकर्णा रडली, गोठ्याच्या मागं जाऊन, मोठ्यानं, म्हशीनं मान वळवून बघितलं इतक्या मोठ्यानं. एवढ्या खटपटीनं जगवलेली कातडी तिनं स्वतः तव्यावर ठेवली होती.

भिंगारला परत जावंच लागलं. रेश्मा जखम बघून खरंच चिडली. "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या कातडीला चटका, टोचणं काही कळणार नाही. विस्तवाजवळ डोळ्यांनी बघायचं, हातावर भरवसा ठेवायचा नाही. तुम्ही ऐकत का नाही?"

"ऐकून काय हुतंय?" मनकर्णाचाही आवाज चढला. "तुमी रोज मूठ करा म्हनता. मूठ व्हत न्हाई. डाक्टर म्हनला कातडी जगली. जगली, पर माझी झाली का? चटका लागला तर कळत न्हाई मला. असल्या हाताचं करू काय मी?"

रेश्मानं तिचा हात उलटा केला आणि तळव्यावर पेनाचं टोक फिरवलं. "हे कळतं?"

"कळतंय की."

"बोटांची टोकं?"

"कळत्यात."

"मग वरची बाजू नाही कळत, खालची सगळी कळते. काम खालच्या बाजूनं करतात. वरची फक्त झाकण आहे. झाकणाला जपा आणि खालचं वापरा. घरी काय मळता, बाजरी?"

"ज्वारी."

"मग रोज सकाळी थोडं पीठ मळा. घट्ट. दोन्ही हातांनी. पुढच्या वेळी मला हात दाखवला की मला कळेल तुम्ही मळलं की नाही."

मनकर्णा मनात म्हणाली, हिला काय कळणार. पण मळायला लागली. घट्ट पिठात बोटं रुतायची नाहीत, ती चिडून ढकलायची, दमून बसायची, परत ढकलायची. कधी चिडचिड इतकी व्हायची की गोळा उचलून भिंतीवर मारायची आणि मग ज्ञानेश्वरीनं बघायच्या आत पुसायची. पाऊस आला, गेला. तुरी उभ्या राहिल्या. भाजलेलं भरून आलं, त्याचा पांढरा डाग राहिला. मधलं बोट वाकलं, अनामिका वाकली, करंगळी थोडी. तर्जनी मात्र अर्ध्यावर अडली ती अडलीच.

सहा महिन्यांनी चरबी काढायचं छोटं ऑपरेशन झालं. हात जरा हातासारखा दिसायला लागला. शेवटच्या तपासणीला मनकर्णानं सरळ विचारलं, "डाक्टर, ह्ये बोट वळंल का?"

राधाकृष्ण डॉक्टरांनी तर्जनी धरून वाकवून पाहिली. "आणखी थोडं. पूर्ण नाही. त्या शिरेवर पाला आणि कुजणं, दोन्ही झालं. मी खोटं सांगत नाही."

"म्हंजी हातोडी धरता येनार न्हाई."

"हलकी धरता येईल. जोर नाही येणार."

ती उठली आणि नमस्कार करून बाहेर आली. एसटीत मिरजगाव येईपर्यंत ती ते बोट डाव्या हातानं वाकवून बघत राहिली. ज्ञानेश्वरी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती.

गिरणी एव्हाना चालू झाली होती. ज्ञानेश्वरी चालवत होती. सासूनं परवानगी दिली नव्हती, पण कानिफनाथनं एका सुट्टीत येऊन पट्ट्याभोवती जाळी बसवली, आणि दुसऱ्या दिवशी सुनेनं खटका वर केला. मनकर्णा तिथं स्टुलावर बसायची आणि चुका काढायची. पीठ जाड, ओट्यावर सांडलंय, डब्यांची अदलाबदल होईल, पट्टा ढिला. जाळीमुळं पट्टा बसवायला अडचण होते असंही एकदा म्हणाली. तेव्हा ज्ञानेश्वरी नुसती तिच्या हाताकडं बघत राहिली आणि मनकर्णानं तो पदराखाली घेतला.

दगड गुळगुळीत झाला होता. पीठ गरम यायला लागलं, बायका कुरकुरू लागल्या. टाकी लावणारा माणूस कर्जतहून येतो येतो म्हणत आला नाही. तपासणीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मनकर्णानं भागवतला बोलावून वरचा दगड उतरवून घेतला, तो पालथा मांडला, मांडी घातली आणि डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी धरली. तीन बोटांनी धरली, तर्जनी बाहेर काडीसारखी उभी. पहिला घाव बसला, दुसरा बसला, तिसऱ्याला हातोडी हातातून सुटली आणि दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली.

भागवत हातोडी उचलायला गेला.

"आना हिकडं," मनकर्णा म्हणाली, पण हात पुढं केला नाही. तिनं छिन्नीही खाली ठेवली. मग कुणाकडं न बघता म्हणाली, "बस हितं."

ज्ञानेश्वरी समोर बसली.

"छिन्नी आडवी धर. आडवी म्हंजी अशी न्हाई. निजव थोडी. हां. मधून कडंला यायचं. घाव हलका, दगड फोडायचा न्हाई, नुसता खरखरीत उठवायचा. हलका म्हनले ना मी? दात काढतीस का त्याचे?"

"मग तुम्हीच करा," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि हातोडी खाली ठेवायला लागली.

"व्हत असतं तर तुला सांगितलं असतं का मी?"

दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. बाहेर डबा घेऊन आलेली बाई दारातच उभी राहिली. मग ज्ञानेश्वरीनं हातोडी परत उचलली आणि मनकर्णानं तिच्या मनगटाला आपल्या उजव्या हाताची वाकणारी तीन बोटं लावून ते हवं तेवढं वळवलं. घाव बसायला लागले. सगळा दगड व्हायला दुपार गेली. एका जागी फारच खोल गेलं होतं, ते मनकर्णानं पाहिलं, पण यावेळी सांगितलं नाही.

दगड चढवला, पट्टा बसवला, जाळी लावली. दारात खोळंबलेल्या बाईची ज्वारी आत टाकली. सुरुवातीचं पीठ रव्यासारखं आलं. ज्ञानेश्वरी हिरमुसली. मनकर्णा स्टुलावरून उठली आणि तिनं गिरणीच्या तोंडाशी उजवा हात धरला. अंगठा आणि मधलं बोट, मध्ये चिमूटभर पीठ, चोळून बघितलं. दाणे होते, खरखरीत, स्पष्ट कळत होते.

"जाड हाय," ती म्हणाली. "दगडाचं चाक आवळ थोडं. अजून थोडं. बास."

पुढचं पीठ त्यापेक्षा बरं आलं. चांगलं आलं असं मनकर्णा म्हणाली नाही. तिनं त्या बाईला सांगितलं की आधीचं रवाळ पीठ कोंबड्यांना घाल, त्याचं वेगळं वजन करून तेवढे दळणाचे पैसे कमी घेते, आणि उद्यापासून दगड बसला की नीट येईल. मग ती पुन्हा स्टुलावर बसली. उजवा हात मांडीवर ठेवला, उघडाच, आणि मागून आलेल्या दुसऱ्या बाईला विचारलं की डबा असा मधेच का ठेवलाय, पलीकडं सरकव.